पाचच पदार्थ खाणाऱ्या मुलाचं ताट

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलगा सहा वर्षांचा, तिसऱ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालेलं. खाणं पाच गोष्टींवर आलेलं: तूप-मीठ घातलेला पांढरा भात, डोशाच्या कुरकुरीत कडा, ग्लुकोज बिस्किटं, एकाच पिवळ्या पाकिटातले खारे वेफर्स आणि बाटलीतून दिवसाला लिटरभर गोड दूध. भाजी, फळ, वरण काहीच नाही. शौचाला चार दिवसांनी, तेही खड्यासारखं. वजन १७ किलो. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी डोशाच्या पिठात बीट वाटून घातलं, तेव्हापासून डोसाही बंद. सासूबाई म्हणतात, दोन दिवस उपाशी ठेव, आपोआप खाईल. व्हॉट्सअॅपवरच्या एका गटात सांगितलंय की गहू आणि दूध बंद करा, शिवाय 'शरीरातलं विष काढणारे' थेंब विकत घ्या. शाळेतलं दूध तो तोंडाला लावत नाही. "सुरुवात नेमकी कुठून करू?" असं त्या विचारतात.

ताई, सुरुवात भाजीपासून करायची नाही. आधी पोट, मग दूध, आणि त्यानंतर ताटात नवं काही. पोट तुंबलेलं आणि दुधानं भरलेलं असताना समोर काहीही ठेवलं तरी तो नाही म्हणणार, आणि त्या नाही म्हणण्याची त्याला सवय लागेल.

पण आधी बिटाचं बोलू, म्हणजे ते पुन्हा घडणार नाही. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांना वास, रंग, चव आणि घासाचा तोंडातला स्पर्श आपल्यापेक्षा फार तीव्र जाणवतो. शिवाय 'कालच्यासारखंच आज' असलं की त्यांना बरं वाटतं. पाकिटातलं बिस्कीट दर वेळी अगदी तेच असतं. पेरू तसा नसतो, एक कडक, दुसरा मऊ, तिसऱ्यात बिया जास्त. वेफर्स आणि बिस्किटं जिंकतात ती नुसत्या चवीमुळे नव्हे, या खात्रीमुळे. डोसा गुलाबी झाला तेव्हा त्याच्या लेखी तो एक डोसा बिघडला नाही, 'डोसा' या गोष्टीवरचा भरवसाच गेला. म्हणून उरलेल्या चार पदार्थांत काहीही लपवायचं नाही. भाताखाली वरण नाही, दुधात औषधाची पावडर नाही. औषधामुळे दूध सुटलं तर हाती काय राहील ते बघा.

डोसा परत आणता येतो. दोन-तीन आठवडे त्याचं नावच काढू नका. मग एके दिवशी घरातल्या इतरांसाठी साधा पांढरा डोसा करा, पीठ तव्यावर घालताना त्याला बघू दे, आणि बोटभर कुरकुरीत कड त्याच्या ताटाशेजारी वेगळ्या ताटलीत ठेवा. 'खा' म्हणायचं नाही. आधी गोल डोसा असेल तर आता लांबट घाला, म्हणजे तो 'बिटाचा' नाही हे दिसतं.

आता पोट. चार दिवसांनी खड्यासारखी शी म्हणजे जुना बद्धकोष्ठ आहे. आतडं भरलेलं असलं की भूकच लागत नाही. ज्या मुलाला सांगता येत नाही त्याचं पोटदुखणं वेगळ्याच रूपात दिसतं: पायाची अढी घालून उभं राहणं, दाराआड जाऊन आखडणं, रात्री झोप मोडणं, कधी डोकं आपटणं. एकदा दुखलं की तो शी धरून ठेवतो, धरल्यानं ती आणखी कडक होते. चड्डीला पातळ डाग लागत असतील तर ते जुलाब समजू नका. साचलेल्या कडक मळाच्या बाजूनं पातळ मळ झिरपतो, आणि अशा वेळी जुलाब थांबवायचं औषध दिलं तर नुकसान होतं. बालरोगतज्ज्ञ मळ मऊ करणारं औषध देतील, बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्ट्युलोजचं सिरप. मात्रा वजनावर ठरते, ती त्यांच्याकडूनच घ्या. दोनदा मऊ झाली म्हणून लगेच बंद करायचं नाही, ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला महिने लागतात. इथेच बहुतेक घरं चुकतात. औषध दुधात नाही, पाण्यात किंवा सिरिंजनं, गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांनी त्याला शौचाला बसवा, पाच मिनिटं पुरे. कमोड असेल तर पायाखाली पाट हवा, लोंबकळत्या पायांनी जोर लागत नाही. कोंडा, इसबगोल वगैरे आत्ता नको. आतडं मोकळं नसताना आणि पाणी कमी पडत असताना चोथा वाढवला की गाठ आणखी घट्ट होते.

दुधाचा हिशेब मांडून बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३६० कॅलरी, १६ ग्रॅम प्रथिनं, ५५० मिलीग्रॅम कॅल्शियम आणि ११ मिलीग्रॅम लोह लागतं. लिटरभर टोन्ड दुधात सुमारे ६०० कॅलरी येतात. चार कपांत दोन-दोन चमचे साखर धरली तर आणखी १६०. म्हणजे भात ताटात पडायच्या आधीच निम्म्याहून जास्त भूक भागलेली. प्रथिनं ३० ग्रॅमच्या वर, कॅल्शियम गरजेच्या दुप्पट. तेव्हा डब्यातली प्रोटीन पावडर आणायची काही गरज नाही, ते पैसे वाचवा. कमतरता आहे ती लोहाची, क आणि अ जीवनसत्त्वाची. दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि त्यातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोहही शरीरात नीट शोषू देत नाही.

दूध ४०० ते ५०० मिलीवर आणायचं आहे, एका दिवसात नव्हे. पाणी घालून पातळ करू नका, त्याला पहिल्या घोटात कळेल. चव तीच ठेवून माप कमी करा: २५० ची बाटली २३० ची, चार दिवसांनी २१० ची. आधी जेवणाअगोदरची बाटली घ्या, झोपतानाची सगळ्यात शेवटी. साखर सध्या आहे तेवढीच राहू दे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माप बसलं की साखर दर आठवड्याला पाव चमचा कमी, आणि त्यानंतर बाटलीऐवजी झाकणाचा पेला किंवा स्ट्रॉ. सहाव्या वर्षी गोड दुधाची बाटली रात्री तोंडात राहिली की पुढचे दात किडतात, आणि दुखणारा दात हेही न खाण्याचं एक कारण असतं. तोंड उघडलं तर एकदा टॉर्चनं बघा.

दूध कमी झालं की वेळापत्रक लावता येतं. दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास, मध्ये फक्त पाणी. दिवसभर हातात बिस्कीट असलं की भूक कधी बनतच नाही. एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटं, मग ताट उचलायचं, रागावून नाही. ताटात प्रत्येक वेळी त्याचा एक तरी खात्रीचा पदार्थ असलाच पाहिजे. काय, कधी आणि कुठे हे तुम्ही ठरवा. किती खायचं आणि खायचं की नाही, ते त्याच्यावर. बसायला भिंतीला पाठ टेकेल अशी जागा आणि पुढे चौरंग चांगला. खुर्ची असेल तर पाय टेकले पाहिजेत, अधांतरी पायांनी अंग सावरण्यातच त्याचं लक्ष जातं. मोबाइल दाखवून भरवण्याची सवय असेल तर वजन सुधारेपर्यंत ती एकदम तोडू नका. पण नवा पदार्थ ओळखण्याच्या वेळी मात्र मोबाइल नको, कारण पडद्याकडे बघत गिळलेला घास त्याच्या ओळखीचा होत नाही.

सासूबाईंचं म्हणणं इतर बहुतेक मुलांच्या बाबतीत खोटं नाही, म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका, एवढंच सांगा: ऑटिझम असलेल्या काही मुलांना भूक-तहान ही खूणच नीट उमगत नाही. अशी मुलं खरोखर दिवसेंदिवस उपाशी राहतात आणि शेवटी सलाइन लावायची वेळ येते. नाक दाबून, हात धरून भरवणंही नको. उमासा, ठसका, उलटी यांतून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होते, की जेवायला बसणं म्हणजे संकट.

गहू आणि दूध बंद करण्यानं ऑटिझम सुधारतो याला भक्कम पुरावा नाही. तुमच्या घरात तर ते करणं म्हणजे चारातले दोन पदार्थ काढून घेणं. गव्हाची खरी ॲलर्जी किंवा सिलिॲक आजार (गव्हामुळे आतड्याला इजा होणारा) असू शकतो, त्याची रक्ततपासणी होते, पण सिलिॲकची तपासणी गहू खात असतानाच करायची. आधी गहू सोडला तर तपासणी चुकीची 'नॉर्मल' येते. विष काढणाऱ्या थेंबांबद्दल स्पष्टच सांगतो: घेऊ नका. शरीरातले जड धातू काढण्याच्या नावाखाली होणाऱ्या उपचारांनी ऑटिझम बरा होत नाही. २००५ साली अमेरिकेत शिरेतून असं औषध देताना ऑटिझम असलेलं पाच वर्षांचं मूल दगावलं आहे. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडीसुद्धा दुकानातून आपल्या मनानं आणून दर आठवड्याला देत राहू नका, ते शरीरात साठतं.

आता ताटाकडे. नवा पदार्थ शून्यातून आणायचा नसतो, तो जे आवडतं त्याच्या शेजारून आणायचा. त्याची यादी नीट वाचली तर आवड स्पष्ट दिसते: फिकट रंग, खारट किंवा गोड, कुरकुरीत, कोरडं. दूध सोडलं तर ओलं, मिश्र, रश्शाचं काही नाही. पालकाची भाजी या यादीपासून फार लांब आहे. चुरमुरे अगदी जवळ आहेत.

वेफर्सपासून निघू. पहिली पायरी म्हणजे तेच वेफर्स पाकिटाऐवजी स्टीलच्या वाटीत. हसू येईल, पण अनेक मुलं इथेच अडतात, कारण पाकीट हा त्यांच्यासाठी पदार्थाचाच भाग असतो. मग दुसऱ्या कंपनीचे खारे वेफर्स, त्याच वाटीत. मग घरचे: बटाट्याचे मिलीमीटरभर जाडीचे काप, वीस मिनिटं गार पाण्यात, कापडावर पूर्ण कोरडे करून तळायचे, मीठ मिक्सरमधून पिठासारखं बारीक करून वरून. थंडीत साठवलेल्या बटाट्यात साखर वाढते आणि काप तपकिरी होतात. असे डागी काप वेचून तुम्ही खा, त्याच्या वाटीत एकही नको. ते जमले की थोडे जाड, मग रताळ्याचे काप. बेळगावच्या रताळ्यांना आपल्याकडे तोटा नाही. पांढऱ्या गराच्या रताळ्यातून अ जीवनसत्त्व फारसं मिळत नाही, पण इथे पोषणाचा प्रश्न नाही, गोडसर कंद तोंडात गेला हेच काम. तिथून तव्यावर तुपात परतलेले जाड काप, आणि मग कधीतरी गाजराचे.

भाताची दोन टोकं आहेत. कोरडं टोक: चुरमुरे, मग त्यांवर पाव चमचा शेंगदाण्याचा बारीक कूट, आधी वेगळ्या वाटीत दाखवून. अख्खे शेंगदाणे नकोत, चावणं कच्चं असलेल्या मुलाच्या घशात ते अडकतात. मऊ टोक: भात आणि दूध दोन्ही आवडतात म्हणून दूधभात आवडेलच असं नाही, मिश्रण हे त्याच्यासाठी तिसरंच काही असतं. पण वाटीभर दह्याला बोट लावणं ही चांगली पायरी. डोशाच्या कडांची बहीण तुमच्या भागात आयती आहे: तांदळाच्या भाकरीचा वरचा पापुद्रा. तो सोडवून मंद आचेवर कुरकुरीत करा आणि दोन बोटं रुंदीचे तुकडे द्या. बिस्किटांकडून बेकरीतला टोस्ट, मग तूप-साखर लावून कडक भाजलेल्या चपातीच्या पट्ट्या. नाचणीची आंबील पौष्टिक खरी, पण तपकिरी आणि ओघळती, तिचा नंबर पुष्कळ मागे आहे. आज्जींना हे आधीच सांगून ठेवा.

लोहाचा एक सोपा मार्ग कदाचित तुमच्या घरात आहे. रेशनचा तांदूळ फोर्टिफाइड, म्हणजे लोह-जीवनसत्त्वं मिसळलेला, आहे का ते दुकानात विचारा. असल्यास किलोमागे २८ ते ४२.५ मिलीग्रॅम लोह असतं, शिवाय फॉलिक ॲसिड आणि बी-१२. शंभरात एखादा दाणा थोडा वेगळा दिसतो त्याला लोक प्लास्टिकचा तांदूळ म्हणतात, तो वेचून टाकू नका, सगळं त्याच्यातच आहे. पेजेचं पाणी न काढता शिजवा. हा भात घरच्या भातापेक्षा जाडसर लागेल, म्हणून आधी चमचाभर वेगळ्या वाटीत. घरात थॅलेसेमिया असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

नव्या पदार्थासाठी एक छोटी ताटली ठेवा, जेवणाची नव्हे, 'ओळखीची'. जेवणाआधी पाच मिनिटं, मटाराएवढा तुकडा. खाणं हे यातलं शेवटचं काम आहे. आधी तो पदार्थ खोलीत चालला पाहिजे, मग ताटलीत, मग चमच्यानं ढकलणं, बोट लावणं, वास, ओठाला टेकवणं, जिभेला, चावून थुंकणं, आणि मग गिळणं. शेजारी एक 'नको वाटी' असू दे, नको झालं की त्यानं तुकडा स्वतः तिच्यात टाकायचा. थुंकायची परवानगी असली की चावायचं धाडस होतं. शाबासकी जे केलं त्याची द्या, 'बोट लावलंस!' एवढीच. बक्षीस म्हणून आवडता खेळ चालेल, वेफर्स नकोत. एका वेळी एकच पदार्थ, निदान दहा-पंधरा वेळा, ऑटिझममध्ये याहून जास्तही लागतात. तीन वेळा न कुरकुरता खाल्ला की पुढची पायरी. आजारपण, जत्रा, पाहुणे अशा दिवसांत सगळं थांबवायचं आणि त्याचे जुने पदार्थ द्यायचे.

हे सगळं व्हायला महिने लागतील, तोवर अंतर भरून काढायला हवं. फळ-भाजी शून्य असलेल्या मुलांत क जीवनसत्त्वाच्या अभावाचा स्कर्व्ही आजही दिसतो, आणि बऱ्याचदा सांध्याचा किंवा हाडाचा आजार समजून आधी भलतेच उपचार होतात. गरज रोज ३५ मिलीग्रॅमच्या आसपास, पाव पेरूत ती भागते. एका लिंबाच्या रसात मात्र ती पुरी होत नाही. पेरू तोंडात जाईपर्यंत डॉक्टरांकडून मल्टिव्हिटॅमिनचे थेंब लिहून घ्या. तपासण्यांत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व पुरे, माती, खडू, भिंतीचा रंग खात असेल तर रक्तातलं शिसंही. लोहाचं औषध सुरू झालं तर ते दुधापासून दोन तास लांब. शी काळी होईल, कडकही होऊ शकते, म्हणूनच पोट आधी म्हटलं. त्याला चंचलपणासाठी मेथिलफेनिडेट चालू असेल तर भूक मरते, चिडचिडीसाठीच्या रिस्पेरिडोनमुळे उलट वाढते, हेही डॉक्टरांपुढे काढा. १७ किलो कमी आहे, पण नुसत्या एका आकड्यावरून काही ठरत नाही. उंची आणि गेल्या सहा महिन्यांतलं वजन सोबत न्या. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, बालरोग विभागात दाखवा आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून चिठ्ठी मिळाली तर काम सोपं होतं. ऑटिझमचं प्रमाणपत्र असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीसुद्धा त्यात धरतात.

शाळेचं दूध तो का पीत नाही याचं उत्तर साधं आहे. कर्नाटकातल्या शाळांत मिळणारं क्षीरभाग्य योजनेतलं दूध पावडरीपासून करतात, त्याचा वास पाकिटातल्या दुधाहून वेगळा. आग्रह नको, तसंही दूध आपल्याला कमीच करायचंय. बाईंना एवढं सांगा: जेवताना त्याला चुलीच्या वासापासून आणि गोंगाटापासून लांब, कडेला बसू दे, घरचा डबा चालू दे, आणि 'खा', 'पाणी', 'नको' अशी तीन चित्रं त्याच्यापुढे असू देत. घरी मराठी आणि भोवती कन्नड असताना चित्राला दोन्हीकडे तोच अर्थ राहतो.

पुढच्या गोष्टींपैकी एकही दिसली तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा: पाय दुखतात म्हणून उभं राहायचं किंवा चालायचं टाळणं, हिरड्या सुजून रक्त येणं, संध्याकाळच्या अंधुक उजेडात चाचपडणं, गिळताना दर वेळी ठसका, शीमध्ये रक्त, वजन घटणं, किंवा दिवसभर पाणीसुद्धा न घेणं आणि आठ तासांत लघवी न होणं.